एक डबा तेल

परवा आमच्या महाविद्यालयातील एक तरुण सहकारी काहीशा संकोचाने माझ्या खोलीत आले. ते रसायनशास्त्राचे अध्यापक, मी इंग्रजी वाङ्मयाचा. तेव्हा एखाद्या अर्जाची भाषा तपासून हवी असेल, असे समजून मी चष्मा लावला. परंतु त्यांनी खिशातून कागद काढला नाही. खुर्ची पुढे ओढून ते हलक्या आवाजात म्हणाले, "सर, मी एक युरोपियन गाडी घेतली आहे, जुनीच. तिच्यात कोणतं तेल घालावं, हे तुम्हांलाच विचारा, असं सगळे म्हणाले."

'सगळे' कोण, हे मी विचारले नाही. गेली काही वर्षे या एका विषयावर माझा शब्द प्रमाण मानला जातो, हे मला ठाऊक आहे. शेक्सपिअरविषयी माझे मत विचारावयास कोणी येत नाही. पण इंजिनाच्या तेलाविषयी मात्र येतात. मनुष्याची कीर्ती कोणत्या दाराने घरात शिरेल, याचा नेम नसतो. माझ्या बाबतीत ती ज्या दाराने आली ते दार फारसे शोभिवंत नव्हते. ज्या विषयात मी एकदा चारचौघांत नापास झालो, त्याच विषयात लोक मला पंडित समजतात. त्या नापास होण्याची हकीकत मी आजवर लिहिली नव्हती. पण त्या तरुण मित्राला ती सांगितल्यावर वाटले, की ती वाचकांनाही सांगून टाकावी.

मोटारीच्या तेलाशी माझा परिचय लहानपणापासूनचा आहे. माझ्या वडिलांनी १९७९ मध्ये एक जुनी फियाट विकत घेतली होती. मूळची इटलीची ही गाडी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. १९७४ पासून तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले होते. तथापि आमच्या आळीत तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. दर रविवारी सकाळी स्नान करण्यापूर्वी वडील बॉनेट उघडीत, तेलाची गज बाहेर ओढीत, फडक्याने पुशीत, पुन्हा आत घालीत आणि बाहेर काढून उजेडाकडे धरीत. त्या वेळची त्यांची मुद्रा नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखी असे. तेल एकच: वीस-चाळीसचे. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. निवड करण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ज्या गोष्टीत निवड नसते त्या गोष्टीत मनुष्य सहसा चुकत नाही.

ते तेल घालीत आमचे मिस्त्री. त्यांचे दुकान म्हणजे पिंपळाच्या झाडाखाली पत्र्याचे एक छप्पर. मिस्त्री इंजिनातून काढलेल्या तेलाचा एक थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये घेऊन चोळीत, वास घेत आणि मग निर्णय देत. 'अजून पाचशे किलोमीटर चालेल,' किंवा 'आजच बदलू या, साहेब.' त्यांचा हा निर्णय कधी चुकल्याचे वडिलांच्या हयातीत ऐकिवात नाही. मी बी. ए.च्या वर्गात असताना मला या पद्धतीचे हसू येई. विज्ञानाच्या युगात बोटे कसली चोळायची, असे मी वडिलांना म्हणत असे. ते हसत आणि म्हणत, "तू पुस्तकं वाच. मिस्त्री तेल वाचतात."

वडील गेले, फियाट गेली, आणि २०१२ मध्ये मी स्वतः एक जुनी युरोपीय डिझेल गाडी घेतली. तिच्या घराण्याचे नाव येथे सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा अथवा तिच्या निर्मात्यांचा काही दोष नव्हता. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेचा खर्च प्राध्यापकाच्या मिळकतीला झेपेना, म्हणून मी ती गाडी घेऊन पुन्हा त्याच पिंपळाखाली गेलो. मिस्त्री आता साठीला आले होते, आणि त्यांचा मुलगा हाताखाली काम शिकत होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, आत बराच वेळ पाहिले, आणि मग ते जे बोलले ते माझ्या अजून कानांत आहे.

"सर, ही गाडी बोटांनी समजणारी नाही. हिच्या तेलाचं काय ते तिच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पुस्तक इंग्रजीत. तेल कोणतं ते तुम्ही वाचून आणा. मी घालतो."

इतका मोठा विश्वास माझ्या वाचनावर विद्यापीठानेही कधी टाकला नव्हता.

मिस्त्रींनी ओळखले होते ते अक्षरशः खरे होते. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला '५डब्ल्यू-३०' किंवा '५डब्ल्यू-४०' हा आकडा पुष्कळांना तेलाचे संपूर्ण वर्णन वाटतो. वास्तविक तो केवळ तेलाचा दाटपणा, शास्त्राच्या भाषेत श्यानता, सांगतो. त्यातील 'डब्ल्यू' हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे. पहिला आकडा जितका लहान तितके तेल थंडीत अधिक सहज वाहते; '५डब्ल्यू' तेलाने उणे ३० अंशांच्या थंडीतही इंजिन फिरू द्यावे, अशी अपेक्षा असते. पुण्याच्या माणसाला या गुणाचा फारसा उपयोग नाही, हे उघड आहे. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा, म्हणजे १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. हा मात्र आपल्या कामाचा. परंतु येथेही गंमत अशी, की एकच आकडा मिरविणारी दोन तेले एकसारखी असतातच असे नाही. १५० अंशांवर, वेगाने घासणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये, तेलाचा पापुद्रा कितपत टिकतो हे निराळे मोजतात. युरोपातील काही नियमांत ते माप निदान ३.५ लागते, तर काहींत २.९ पुरते. दोन्ही डब्यांवर '५डब्ल्यू-३०' हेच छापलेले असू शकते. एकाच आडनावाची दोन माणसे स्वभावाने किती भिन्न असतात, हे ज्याने सोयरीक जमवताना पाहिले असेल त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

खरी ओळख त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत असते. युरोपातील मोटार-निर्मात्यांची 'एसीईए' नावाची संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली आणि १९९६ पासून ती तेलांचे वर्ग ठरवून देत आली आहे. 'ए-बी' हा एक वर्ग. 'सी' हा दुसरा. 'सी' वर्गातील तेलांत राख, स्फुरद आणि गंधक यांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेले असते. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. जस्त आणि स्फुरद यांचे एक संयुग तेलात घालतात. ते लोखंडाची झीज थांबवते. परंतु हेच स्फुरद जळून धुराबरोबर बाहेर पडले, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला निकामी करते. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जी जाळी असते, तिच्यातील काजळी गाडी स्वतः जाळून टाकू शकते. पण तेलाची राख जळत नाही. ती तेथेच साठत जाते आणि शेवटी जाळी बंद पडते. म्हणजे इंजिनाला जे हितकर तेच धुराड्याला अहितकर. या दोहोंचा मेळ घालणे हे तेल करणाऱ्याचे कसब. 'सी-३' वर्गात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, आणि या एवढ्याशा आकड्यामागे कितीतरी रसायनज्ञांची वर्षे खर्ची पडली असतील.

याउपर प्रत्येक मोठ्या निर्मात्याचे आपले स्वतंत्र नियम आहेत. मर्सिडीजचा २२९.५ निराळा आणि २२९.५१ निराळा, दुसऱ्यात राख कमी. बीएमडब्ल्यूचे 'लाँगलाइफ-०१' आणि 'लाँगलाइफ-०४' यांतही असेच अंतर आहे. फोक्सवॅगनचे ५०८ ०० हे अगदी पातळ तेल हिरवट रंगाचे असते. ते नव्या इंजिनांसाठी केलेले असून जुन्या इंजिनांत घालावयाचे नसते. म्हणजे 'नवे ते चांगले' हा न्यायसुद्धा येथे लागू पडत नाही. दशांशचिन्हापुढचा एक अंक, किंवा शेवटच्या दोन शून्यांपैकी एक, एवढ्यावर सारे अवलंबून!

आता माझ्या परीक्षेकडे येतो.

माझ्या गाडीचे इंजिन एका विशिष्ट जातीचे होते. त्यात प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर डिझेलचा पंप आणि फवारा एकत्र बसवलेले होते, आणि तो पंप दाबण्याचे काम कॅमशाफ्टकडे होते. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा. एरवी त्याने केवळ झडपा उघडावयाच्या. येथे त्याच्यावर पंपाचे उंचवटेही आले, त्यांना जागा द्यावी लागली, आणि झडपांचे उंचवटे अरुंद झाले. फवाऱ्यातील दाब सुमारे २००० बार. एवढा भार सोसावयाचा तर उंचवट्यांवरील तेलाचा पापुद्रा असामान्य चिवट हवा. म्हणून निर्मात्यांनी त्या इंजिनासाठी तेलाचा एक वेगळा नियम केला आणि त्याला आकडा दिला ५०५ ०१. गाडीच्या पुस्तकात तो स्पष्ट छापलेला होता. मी तो वाचला. पेन्सिलीने त्याखाली रेघही ओढली.

मग मी बाजारात गेलो. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक महाग, दुसरा नऊशे रुपयांनी स्वस्त. स्वस्त डब्यावर '५डब्ल्यू-४०' होते, 'संपूर्ण सिंथेटिक' होते, 'युरोपीय मोटारींसाठी सुयोग्य' असे सोनेरी अक्षरांत होते, आणि पाठीमागे नियमांच्या रांगेत ५०५ ०० हा आकडा होता. मी त्या आकड्याकडे पाहिले. पाहिले, वाचला नाही. पाचशे पाच जुळले, एवढे मनाला पुरले. अखेरचे दोन अंक म्हणजे आवृत्तीचा क्रमांक असावा, अशी मी आपल्या सोयीची एक उपपत्तीही तेथल्या तेथे बसवली. नऊशे रुपये वाचत असले म्हणजे मनुष्याला उपपत्ती चटकन सुचतात.

शिवाय 'सुयोग्य' या शब्दाने मला मोहिनी घातली. ज्या गृहस्थाने जन्मभर विद्यार्थ्यांना शब्दांच्या छटा समजावून सांगितल्या, त्याने येथे विचारावयास हवे होते: सुयोग्य, पण कोणाच्या मते? निर्मात्याने स्वतः तपासून मान्यता दिलेले तेल आणि विकणाऱ्याने आपल्या मते योग्य ठरवलेले तेल, या दोहोंत पदवी मिळालेला मनुष्य आणि 'पदवीधराइतका हुशार' म्हणून शिफारस झालेला मनुष्य, यांच्याइतके अंतर आहे. दुसरा हुशार नसतोच असे नाही. परंतु त्याची परीक्षा कोणी घेतलेली नसते.

तेच तेल मी सलग तीन वेळा आणले. मिस्त्रींनी तीनही वेळा ते विश्वासाने घातले. २०१५ च्या पावसाळ्यानंतर गाडीतून एक टकटक ऐकू येऊ लागली. चढावर ती धापा टाकू लागली. एका मोठ्या कार्यशाळेत दाखवल्यावर तेथील माणसाने इंजिनाचा माथा उघडला आणि मला बोलावून कॅमशाफ्ट दाखवले. जे उंचवटे गोटीसारखे गुळगुळीत असावयाचे ते पाटा-वरवंट्यासारखे खडबडीत होऊन झिजले होते. "चुकीचं तेल," तो एवढेच म्हणाला. खर्चाचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला. त्या वर्षी दिवाळीपूर्वी घराला रंग द्यावयाचा बेत होता. कन्येच्या वाङ्निश्चयाला पाहुणे यावयाचे होते. तो रंग त्या कागदाबरोबर उडून गेला.

मी तेथून थेट पिंपळाखाली गेलो. आणि आता जे लिहितो ते लिहिताना मला आजही लाज वाटते.

दुकानात मिस्त्रींचा मुलगा होता, आणखी दोन पोरे होती, दोन-तीन गिऱ्हाइके होती. त्या सर्वांसमक्ष मी मिस्त्रींना नाही नाही ते बोललो. ज्या मनुष्याला मी मुलगा असल्यापासून 'मिस्त्री, तुम्ही' असे म्हणत आलो त्याला मी अडाणी म्हटले. तुम्ही तेल बदललेत की केवळ पैसे घेतलेत, असेही विचारले. हा प्रश्न विचारताना मी त्यांच्या मुलाकडे पाहिले नाही. परंतु त्याच्या हातातील पाना खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले, पत्र्याच्या कपाटातून एक जाड वही काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. प्रत्येक गाडीला एक पान. माझ्या पानावर तीन तारखा, तीन वेळचे किलोमीटर, आणि प्रत्येक नोंदीपाशी डब्याची कातरलेली चिठ्ठी खळीने चिकटवलेली. "इंग्रजी मला सगळं येत नाही, सर," ते म्हणाले, "म्हणून चिठ्ठीच लावून ठेवतो. तुम्ही दिलेला डबा, तोच घातला."

तीनही चिठ्ठ्यांवर ५०५ ०० होते.

घरी येऊन मी गाडीचे पुस्तक काढले. पेन्सिलीच्या रेघेवर ५०५ ०१ होते. मी ते दोन आकडे शेजारी शेजारी कागदावर लिहिले आणि कितीतरी वेळ पाहत बसलो. सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला, कागद पाहिला, सगळी हकीकत विचारून घेतली, आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, मुलांच्या पेपरावर शून्य देताना तुम्हांला ते शून्य बरोबर दिसतं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पैशांचं होईल काही तरी. मिस्त्रींकडे उद्याच जा. आणि एकटे असतील तेव्हा जाऊ नका. आज जितके लोक होते तितके असतील तेव्हा जा."

क्षमा खासगीत मागण्याचा माझा विचार त्यांनी कसा ओळखला, हे मला समजले नाही. परंतु त्या म्हणत होत्या ते न्यायाचे होते. अपमान चारचौघांत करावयाचा आणि पश्चात्ताप मात्र एकांतात, ही सुशिक्षितांची रीत फार जुनी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात गर्दी असताना, मी गेलो आणि चूक माझी होती, वाचण्यात मी चुकलो, असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. मिस्त्री एका गाडीखाली होते. ते बाहेर आले, आणि क्षमेविषयी एक अक्षरही न बोलता म्हणाले, "कॅमशाफ्ट नवीनच घ्यावं लागेल. टॅपेटही सगळे बदलू. जुन्या बाजारातलं नको. उघडलेलंच आहे तर मी बसवतो, मजुरीचं नंतर बघू." मुलगा मात्र माझ्याशी त्यानंतर कित्येक महिने कामापुरतेच बोलत असे. त्याचे मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही.

त्या प्रसंगानंतर मी या विषयाचा अभ्यास करू लागलो. आणि तो मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून केला. मी पुस्तकातले वाचून दाखवी. ते इंजिनातले दाखवीत. त्यांच्यामुळे मला कळले, की पुस्तकातले खरे असले तरी ते ज्या देशासाठी लिहिलेले असते तो देशही वाचावा लागतो. युरोपात काही गाड्यांचे तेल दोन वर्षांनी किंवा ३०,००० किलोमीटरांनी बदलले तरी चालते. परंतु तेथे २००९ पासून डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत १० भागांहून अधिक नसते. आपल्याकडे ती मर्यादा देशभर आली १ एप्रिल २०२० रोजी. मी ज्या काळी ती गाडी घेऊन कोकणात जात असे त्या काळी पुण्यासारख्या शहरांत ५० भाग आणि लहान गावांत ३५० भागांपर्यंत गंधक असलेले डिझेल मिळे. गंधक जळले की त्यापासून आम्ल होते, आणि त्या आम्लाला मारण्यासाठी तेलात क्षार घातलेला असतो. तो लौकर संपतो. "तेल काळं झालं म्हणून खराब नसतं, सर," मिस्त्री सांगत. "डिझेलचं तेल दोन दिवसांत काळं होतं. काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. आतली ताकद संपली की ते खराब." आज डिझेल शुद्ध झाले आहे, परंतु सायंकाळी कर्वे रस्त्यावर गाडी तासभर एका जागी धुगधुगत असते, तो तास किलोमीटरच्या काट्यावर उमटत नाही. म्हणून मी अजून दहा हजारांपूर्वीच तेल बदलतो.

ब्रेकच्या तेलाचेही त्यांनीच शिकवले. ते तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ताजे 'डॉट ४' तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. घाट उतरताना ब्रेक तापतात, तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल मऊ पडते. आमच्याकडच्या आषाढातील हवा आणि आमचे घाट हे दोन्ही लक्षात घेतले म्हणजे दर दोन वर्षांनी ते बदलावे या नियमाचा अर्थ नीट कळतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा रंग पाहून त्याची जात ओळखू नये, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. गुलाबी, निळा, जांभळा हे रंग निर्माता आपल्या मर्जीने घालतो; एका घराण्याचा गुलाबी दुसऱ्या घराण्याच्या गुलाबीचा सोयरा असेलच असे नाही. आणि त्यात नळाचे पाणी नको, ऊर्ध्वपातित पाणीच हवे. वडिलांच्या फियाटला याच मिस्त्रींनी नळाचे पाणी कितीदा पाजले होते! मी त्यांना तशी आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, "ती फियाट होती, सर. ती कुणाचंही ऐकून घ्यायची."

चुकीच्या द्रवाने केवढा अनर्थ होतो याचे एक जुने उदाहरण मला एका ग्रंथात सापडले. १९५५ मध्ये फ्रान्समधील सित्रोएनने 'डीएस' ही प्रसिद्ध गाडी बाजारात आणली. तिची बैठक, तिचे ब्रेक, तिचे सुकाणू, सारे दाबाखालच्या एकाच द्रवावर चाले. १९६६ च्या सुमारास तो लाल द्रव बदलून हिरवा खनिज द्रव आला. दोन्हींची रबरी वायसरे वेगळ्या जातीची. लाल यंत्रणेत हिरवा किंवा हिरवीत लाल गेला की वायसरे खराब होत आणि गाडी खाली बसे. मी ही गोष्ट मिस्त्रींना सांगितली तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारून ती पुन्हा सांगावयास लावली.

तेलाला संस्कृतात 'स्नेह' म्हणतात, आणि प्रेमालाही तोच शब्द आहे. या श्लेषावर वर्गात मी पुष्कळदा टाळ्या मिळवल्या आहेत. आपल्या पूर्वजांच्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे. ते संपले की आस करकरू लागे आणि गाडीवान खाली उतरे. कॅस्ट्रॉल हे प्रसिद्ध नावदेखील १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलेले आहे, आणि पहिल्या महायुद्धातील कितीतरी विमाने एरंडेलावर उडत असत, ही माहिती दिली म्हणजे विद्यार्थी हसतात. परंतु त्या श्लेषातील दुसरी बाजू मला पिंपळाखाली कळली. नुसता स्नेह पुरत नाही; तो ज्याला द्यावयाचा त्याला कोणता मानवेल, हे नीट वाचावे लागते. आणि तो कमी पडल्याचे लगेच ऐकू येत नाही. टकटक ऐकू येऊ लागते तेव्हा आत बरेच झिजून गेलेले असते.

माझ्या तरुण मित्राला मी हे सर्व सांगितले. ते अखेर म्हणाले, "म्हणजे कोणतं तेल घेऊ, सर?" मी त्यांना कोणत्याही तेलाचे नाव सांगितले नाही. एवढेच सांगितले, की गाडीचे पुस्तक बरोबर घेऊन दुकानात जा. दाटपणाचा आकडा आधी जुळवा, मग निर्मात्याच्या नियमाचा, आणि तो शेवटच्या अंकापर्यंत. डब्यावर 'मान्यता' आहे की नुसते 'सुयोग्य', ते पाहा. मान्य तेलांच्या याद्या काही निर्माते प्रसिद्ध करतात, त्यांत डब्यावरचे संपूर्ण नाव शोधा. झाकणाची कडी शाबूत आहे का, तेही पाहा, कारण नकली तेलाचा धंदा करणाऱ्यांची मुद्रणकला आपल्या प्रकाशकांपेक्षा सरस असते. आणि रिकाम्या डब्याची चिठ्ठी कातरून वहीत लावा.

"वहीत?" त्यांनी विचारले.

"हो. ती पद्धत मिस्त्रींची आहे," मी म्हणालो.

मिस्त्री आता थकले आहेत. ते दुकानात येतात ते चहापुरते. काम मुलगा पाहतो. त्याने छपराच्या जागी पक्की शेड बांधली आहे, पण पिंपळ तोडला नाही. ती गाडी अजून माझ्याकडेच आहे. दरवर्षी मी डबा घेऊन जातो. मुलगा तो हातात घेतो, मला देतो आणि म्हणतो, "वाचा, सर." मी मोठ्याने वाचतो: पाच, शून्य, पाच, शून्य, एक. मग तो डबा परत घेतो आणि तेच अंक पुन्हा स्वतः वाचतो. खुर्चीवर बसलेले मिस्त्री चहाची बशी खाली ठेवून ऐकत असतात. दोन्ही वाचने जुळली म्हणजे ते मान हलवतात, आणि मगच झाकण उघडते.